अप्पांचं गुऱ्हाळ, दोन हंगाम आणि कॅमेरा कुठला घ्यावा

पत्र:

नमस्कार सर, मी कोल्हापूरजवळच्या एका गावात डेंटिस्ट आहे, वय ४१. कॉलेजपासून फोटोचा नाद आहे पण जुना डीएसएलआर गेली चार वर्षं कपाटात पडून आहे आणि सगळे फोटो मोबाईलवर निघतात. आता एक एफडी मोकळी झालीये आणि घरचे म्हणाले, या वेळी तुझ्यासाठी काहीतरी घे. दोन सेकंडहँड सेट बघून ठेवलेत. एक म्हणजे फुजीफिल्मचा जीएफएक्स ५०आर आणि त्याची ५० एमएम एफ ३.५ लेन्स. दुसरा लायका एम१० आणि व्हॉइटलँडरची ३५ एमएम एफ २. फोटो कसले काढणार तर घरातले, सहा वर्षांच्या मुलीचे, रविवारच्या बाजाराचे आणि मुख्य म्हणजे अप्पांच्या, माझ्या वडिलांच्या, गुऱ्हाळाचे. अप्पा ७४ चे आहेत, म्हणतात अजून दोन हंगाम करतो मग बंद. जीएफएक्स मीडियम फॉरमॅटचा, मोठ्या सेन्सरचा, आणि तो लुक मला फार आवडतो, रात्री तासन् तास बघत बसते. पण लायका रेंजफाइंडर आहे, छोटा आहे, रोज पर्समध्ये राहील असंही वाटतं. मला चष्मा आहे आणि मॅन्युअल फोकस कधीच केलेला नाही. काय घेऊ?

उत्तर:

डॉक्टर, आधी उत्तर देऊन टाकतो, कारणं मग सांगतो. ५०आर विकत घेऊ नका. एम१० फार चांगला कॅमेरा आहे पण तुम्हाला आत्ता नको. फुजीफिल्मचा एक्स१००-सिक्स घ्या, म्हणजे एक्स१०० मालिकेतला सहावा, आणि जे पैसे वाचतील त्यातून गुऱ्हाळाच्या दिवसांत तीन दिवस मीडियम फॉरमॅट भाड्याने आणा. हे असं का म्हणतोय ते सविस्तर लिहितो कारण एफडीचे पैसे एकदाच मोकळे होतात, आणि दुसरं म्हणजे तुमच्याकडे हंगाम दोनच आहेत.

पहिल्यांदा एक गुंता सोडवून घेऊ. मीडियम फॉरमॅट हे सेन्सरच्या, म्हणजे आतल्या उजेड टिपणाऱ्या तुकड्याच्या, मापाचं नाव आणि रेंजफाइंडर ही फोकस करायची पद्धत, त्यामुळे ह्यातलं काय घेऊ हा प्रश्न म्हणजे गाडी डिझेल घेऊ की सात सीटर असं विचारण्यासारखं आहे, दोन्ही एकाच गाडीत असू शकतं. फिल्मच्या काळात तसे कॅमेरे होतेच, मामिया ७ हा मोठ्या, ६x७ मापाच्या फिल्मचा मीडियम फॉरमॅट आणि खराखुरा रेंजफाइंडर, दोन्ही. उलट तुम्ही बघितलेला ५०आर दिसायला रेंजफाइंडरसारखा आहे, व्ह्यूफाइंडर (डोळा लावायची खिडकी) डाव्या कोपऱ्यात, अंग चौकोनी, पण आत रेंजफाइंडर नाहीये, आत छोटा इलेक्ट्रॉनिक स्क्रीन आहे. एक्स१००-सिक्स पण असाच, रेंजफाइंडरच्या घाटाचा. तुमच्या यादीतला एकटा एम१० खरा रेंजफाइंडर. हे आधी सांगितलं कारण ५०आरचे फोटो बघून लोक त्याला मोठ्या सेन्सरचा लायका समजून घेतात आणि मग वापरायला लागल्यावर कळतं की हा तर आरामात, एका जागी उभं राहून वापरायचा कॅमेरा आहे.

आता लुकबद्दल, कारण पत्रात तुमचा जीव तिथे अडकलाय हे कळतंय.

तुम्ही रात्री बघता ते फोटो मलाही आवडतात. पण त्यातले कितीतरी जुन्या ६x७ फिल्मवरचे असतात आणि त्या फिल्मची एक चौकट साधारण ५६ बाय ७० मिलिमीटरची. नेहमीचा फुल फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ एमएम फिल्मच्या मापाचा सेन्सर, ३६ बाय २४. क्षेत्रफळ काढलं तर ती फिल्म फुल फ्रेमच्या साडेचार पट मोठी. ५०आरचा सेन्सर आहे ४३.८ बाय ३२.९, म्हणजे फुल फ्रेमच्या पावणेदोन पटीच्याही जरा आतच. मोठा आहेच, नाही म्हणत नाही, पण ज्या उडीची स्वप्नं बघतोय ती उडी फिल्मच्या मापाची होती आणि विकत मिळणारी उडी त्याहून बरीच लहान आहे. बाकीचा जो लुक म्हणतो आपण तो उजेड, अंतर, ४:३ ची चौकट, सावकाश काढलेला फोटो आणि नंतर रंगांवर केलेलं काम ह्यातून येतो. मी स्वतः दीड वर्ष मीडियम फॉरमॅट वापरलाय आणि त्या दीड वर्षातले माझे सगळ्यात चांगले फोटो ट्रायपॉडवरचे आहेत, एकही हातातला नाही.

आता गुऱ्हाळावर या. मी दोन पहाटा करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर काढल्यात म्हणून हे डोळ्यासमोर ठेवून लिहितोय. पत्र्याची शेड, चुलवाणाचा जाळ खाली, वर काहिलीतून, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईतून, वाफ निघतेय, एखादा बल्ब काळवंडलेला आणि एका बाजूने दार उघडं त्यातून सकाळचा पांढरा उजेड. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, वाफेत उभा, झारा फिरवत मळी काढतोय, मधेच थोडा पाक पाण्यात सोडून बोटांनी गोळी वळून बघतो, दोन सेकंदात मान हलवतो की झालं, आणि मग जी पळापळ सुरू होते काहील उतरवायची, त्यात कुणी कुणासाठी थांबत नाही. तुमच्या अप्पांचा खरा फोटो त्या गोळी वळायच्या दोन सेकंदात आहे.

तिथे आकडे काय म्हणतात बघा. एफचा आकडा लहान तेवढी लेन्स जास्त उघडते, आणि आयएसओ वाढवला तेवढे फोटोत दाणे वाढतात. समजा ५०आरवर एफ ३.५ पूर्ण उघडा ठेवून, हात हलतोय म्हणून शटर १/१२५ सेकंद ठेवलं आणि आयएसओ ३२०० ला गेला. तोच उजेड, तेच शटर, फुल फ्रेमच्या एम१० वर एफ २ ठेवला की आयएसओ हजारच्या आसपास पुरतो. सेन्सर छोटा असल्याचा तोटा धरूनही एम१० पुढेच राहतो, कारण ५०आरचा एफ ३.५ हा फुल फ्रेमच्या हिशोबात साधारण एफ २.८ सारखा वागतो, आणि समोर एफ २ आहे, म्हणजे जवळजवळ एक स्टॉप जास्त, दुपटीच्या जवळ प्रकाश. मोठ्या सेन्सरचा सगळा फायदा त्या कमी उघडणाऱ्या लेन्सने खाऊन टाकला. आणि आता एक्स१००-सिक्स बघा, त्याचा सेन्सर एपीएस-सी, फुल फ्रेमहून लहान, लेन्स एफ २, फुल फ्रेमच्या हिशोबात साधारण एफ ३. म्हणजे एफ २.८ आणि एफ ३! तुमच्या ५०आरच्या सेटमध्ये आणि ह्या खिशातल्या कॅमेऱ्यात अंधारात गोळा होणारा प्रकाश जवळपास सारखाच, मागचं धूसर होणंही जवळपास सारखंच. हे गणित मला पहिल्यांदा कुणीतरी कागदावर मांडून दाखवलं तेव्हा मी तो कागद घरी नेऊन परत मांडला होता, खरंच बरोबर आहे का म्हणून. बरोबर आहे.

तुम्ही म्हणाल मोठी लेन्स घेते मग. आहे ना, ८० एमएम एफ १.७ आहे, सुंदर लेन्स, पण एकटी लेन्स ७९५ ग्रॅम. आणि ५०आरची बॉडी बॅटरीसकट ७७५. दीड किलो गळ्यात घालून तुम्ही रोज दवाखान्यात जाणार नाही, कपाटातल्या डीएसएलआरने हे आधीच सांगून ठेवलंय. तुम्ही बघितलेला ५० एमएमवाला सेट १११० ग्रॅम होतो, एम१० त्या ३५ सकट साधारण ८३०, आणि एक्स१००-सिक्स बॅटरी कार्डासकट ५२१. मला माहितीये वजन म्हटलं की लोक म्हणतात आम्हाला चालतं. एका दिवशी चालतं. तीनशेव्या दिवशी, संध्याकाळचे शेवटचे दोन पेशंट उरकून मुलीला क्लासहून आणायला जाताना, तेव्हा पर्समध्ये काय आहे हे विचारा स्वतःला.

अजून दोन गोष्टी ५०आरच्या. त्यात सेन्सर स्थिर ठेवायची सोय नाही, आणि ५ कोटी पिक्सेलवर हाताचा जरासा थरकाप पण दिसतो, त्यामुळे शटर तुम्हाला वरच ठेवावं लागतं. दुसरं म्हणजे ऑटोफोकस २०१८ सालातला, कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेड-काळोखातला फरक, बघून पुढेमागे चाचपत फोकस करणारा. वाफेत कॉन्ट्रास्टच नसतो हो! लेन्स पुढे जाते, मागे येते, परत पुढे जाते, आणि तोपर्यंत गोळी वळून झालेली असते. ह्यात कॅमेऱ्याचा दोष नाही, तो त्या कामासाठी केलेलाच नाही.

पण त्याचं जे आहे ते त्याला दिलंच पाहिजे. ते दार आठवा, बाहेर लख्ख उजेड आणि आत काळोख. असा सीन मोबाईलला कधीच झेपत नाही, एकतर दार पांढरं फटक नाहीतर माणूस काळा. मीडियम फॉरमॅटवर आयएसओ १०० ला, ट्रायपॉड लावून, दाराच्या उजेडावर एक्सपोजर धरा आणि घरी येऊन सावल्या वर उचला, त्या अंधारातून चिपाडांचा ढीग, भिंतीवरची काजळी, अप्पांच्या बंडीच्या चुण्या असं सगळं स्वच्छ बाहेर येतं, रंग तुटत नाहीत, दाणे पडत नाहीत. चामडीचा रंग तर इतका हळूहळू उजेडातून सावलीत जातो की मी माझ्या आत्याच्या फोटोसमोर बराच वेळ नुसता बसून राहिलो होतो. म्हणूनच भाड्याने आणा म्हणतोय. अप्पा बाकावर बसलेत, काम संपलंय, चहा घेतायत, त्या फोटोसाठी तो कॅमेरा हवाच. वर्षातून तीन दिवस हवा. बाकीच्या दिवसांना तो नकोय.

आता रेंजफाइंडर, आणि इथे माझा जीव आहे हे आधीच कबूल करतो, म्हणून नको सांगताना जरा जड जातंय.

एम१० डोळ्याला लावला की तुम्हाला लेन्समधून दिसत नाही, एका साध्या खिडकीतून दिसतं, जग आहे तसंच, सगळंच स्पष्ट, आणि त्यावर एक उजळ चौकट तरंगत असते. चौकटीच्या बाहेरचंही दिसतं. म्हणजे डावीकडून माणूस चिपाडांचा भारा घेऊन येतोय हे तो फोटोत शिरायच्या आधी दिसतं आणि बोट तयार राहतं. मधोमध एक छोटासा चौकोन, त्यात तीच गोष्ट दोनदा दिसते, एक खरी आणि एक फिकट सावलीसारखी सरकलेली. लेन्सवरचा दांडा बोटाने फिरवत राहायचं, ती सावली सरकत सरकत येते आणि खऱ्या चित्रावर बसते, बसली की फोकस झाला. डोळ्याची कड, चष्म्याची काडी, दाराची चौकट अशी कुठलीतरी उभी रेघ पकडायची आणि ती एक करायची. हे जमायला लागलं की मशीनने काही केलं असं वाटतच नाही, आपणच हात लांब करून त्या माणसाला स्पर्श केला असं वाटतं. मी वीस वर्षं फोटो काढतोय आणि ते दोन चित्रांचं एक होणं मला अजून तितकंच आवडतं.

पण ते जमायला वेळ लागतो. रोज वापरला तरी पाच-सहा महिने, तेव्हा कुठे हात आपोआप योग्य बाजूला वळायला लागतो. तुमचा एक हंगाम शिकण्यात जाईल, आणि पहाटेच्या अंधारात वाफेमागे त्या फिकट सावलीला धरायला उभी रेघच सापडत नाही, त्यात वाफेने खिडकीची काच धुरकट होते ते वेगळंच. मुलगी सहा वर्षांची, ती पळणार. ०.७ मीटरच्या आत रेंजफाइंडर फोकस दाखवत नाही, म्हणजे मांडीवर डोकं ठेवून झोपलेल्या मुलीचा फोटो मागच्या स्क्रीनवर बघूनच काढावा लागेल, आणि तोही लेन्स तेवढी जवळ जात असेल तर. अंतराच्या अंदाजाने काढता येतं हा दुसरा मार्ग, ३५ एमएमला एफ ८ ठेवून ३ मीटरवर फोकस लावला की साधारण दोनपासून सात मीटरपर्यंत सगळं चालून जातं, बाजारात हे फार कामाला येतं. पण एफ ८ ला ऊन लागतं, शेडमध्ये एफ ८ कुठून आणणार.

चष्म्याचं विचारलंत ते बरं केलंत. एम१० ची खिडकी मोठी आहे, ०.७३ पट, आणि चष्मा लावून ३५ ची चौकट दिसते पण कडा दिसायला डोळा जरा इकडेतिकडे हलवावा लागतो, २८ एमएमची तर दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. म्हणजे ज्या कारणासाठी रेंजफाइंडर घ्यायचा, चौकटीच्या बाहेरचं दिसावं, तेच चष्म्यामुळे थोडं हातचं जातं. एक्स१००-सिक्सच्या ऑप्टिकल खिडकीत चित्र छोटं दिसतं, ०.५२ पट, पण त्यामुळेच चौकट आणि तिच्या बाहेरचं दोन्ही चष्म्यासकट मावतं.

एक माझ्याबरोबर झालेलं सांगतो. माझा फिल्मचा एक जुना रेंजफाइंडर होता, एसटीत वरच्या रॅकवरून बॅग पडली, बाहेरून ओरखडाही नाही. पुढचे तीन रोल धुऊन आले तर प्रत्येक फोटोत फोकस माणसाच्या कानावर, डोळ्यावर एकाही नाही. आतले आरसे आणि लिव्हर किंचित सरकले होते आणि खिडकीतून बघताना सगळं व्यवस्थितच दिसत होतं. त्या तीन रोलमध्ये माझ्या मामांची एकसष्टी होती. दुरुस्तीला अडीच महिने लागले, आणि एकसष्टी परत होत नसते. डिजिटलवर निदान स्क्रीनवर मोठं करून लगेच कळतं, पण सेकंडहँड एम१० घेताना ही तपासणी केल्याशिवाय कुणीच घेऊ नये: ट्रायपॉडवर लावा, वर्तमानपत्र तिरकं ठेवा, मधल्या एका ओळीवर एफ २ ला फोकस करून बघा की तीच ओळ स्पष्ट येते का. एकदा जवळून आणि एकदा लांबच्या विजेच्या खांबावर. विकणारा नाही म्हणाला तर सोडून द्या.

अजून एक छोटी गोष्ट, एम१० ची बॅटरी आणि कार्ड काढायला तळाची पूर्ण प्लेट उघडावी लागते. एम११ मध्ये, २०२२ साली, त्यांनी ती प्लेट काढून टाकली पण एम१० मध्ये ती आहे. काकवीने चिकट झालेल्या हातांनी, एका हातात कॅमेरा, तोंडात प्लेट, हे करून बघितलंय मी. आणि माउंटला, म्हणजे लेन्स बसते त्या कड्याला, पाणी अडवणारं रबर नाही, त्यामुळे वाफ, राख, पाऊस ह्यांचं टेन्शन सतत.

मग एक्स१००-सिक्स का. ऑटोफोकस आहे, चेहरा डोळा ओळखणारा, वाफेत तोही कधी कधी चुकतो पण ५०आरपेक्षा कितीतरी बरा. सेन्सर स्थिर ठेवायची सोय आहे, त्यामुळे हाताचा थरकाप १/१५ ला पण आवरतो, फक्त लक्षात ठेवा की समोरचा माणूस हलला तर ती सोय काही करू शकत नाही, गुळव्याच्या हातासाठी १/१२५ किंवा १/२५० च लागणार. शटर लेन्समध्येच आहे, आवाज इतका हळू की झोपलेलं मूल हलत नाही. लेन्स बदलता येत नाही, आणि हा दोष म्हणून सांगतात सगळे, पण गुऱ्हाळाच्या राखेत लेन्स उघडायचीच नाही ह्याच्याइतकं चांगलं काय? ४ कोटी पिक्सेल आहेत. तुम्ही जे दोन सेट बघितलेत त्या दोन्हींपेक्षा हा नवीन घेतला तरी स्वस्त पडतो. २०२४ च्या फेब्रुवारीत आला तेव्हापासून मागणी भरपूर आहे, काही दुकानांत वेटिंग असतं, तेव्हा दिवाळीची वाट बघू नका. आणि त्याच्याबरोबर पुढची अडॅप्टर रिंग आणि ४९ एमएमचा प्रोटेक्शन फिल्टर घ्याच, त्याशिवाय लेन्सच्या बाजूने पाणी आणि धूळ अडत नाही. वाफेच्या जागी हे ऐच्छिक नाही, डॉक्टर, घ्याच.

त्यात नाही ते पण सांगतो. ती सावली बसवायची मजा नाही. ३५ च्या दृश्यालाच कायम राहावं लागतं, अप्पांचा चेहरा जवळून हवा तर पायांनी जवळ जायचं. माझ्या मते तुमच्यासाठी हे चांगलंच आहे, वडिलांच्या जवळ जायला तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही, आमच्यासारख्या बाहेरच्याला लागते.

प्रिंटचं म्हणाल तर आपल्याकडे लॅबमधून बहुतेक सगळं १२x१८ इंचांच्या आत निघतं. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, त्यासाठी १ कोटी ९४ लाख पिक्सेल पुरतात. एम१० २.४ कोटींचा आहे, तोही पुरतो. ५०आरचे ५ कोटी पिक्सेल दिसायला भिंतीवर तीन फुटांची प्रिंट लागते आणि ती नाकाजवळून बघावी लागते. फाइलींच्या वजनाचं फार लिहीत नाही, मोठ्या फाइलींना मोठा लॅपटॉप लागतो एवढं सगळ्यांना माहीत आहे.

कुणीतरी तुम्हाला सांगेलच की २०२५ साली आलेला जीएफएक्स१००आरएफ घ्या, मीडियम फॉरमॅट पण आणि छोटा पण. ७३५ ग्रॅमचा आहे, १०.२ कोटी पिक्सेल, फार देखणा. पण लेन्स एफ ४ ची, फिक्स, आणि सेन्सर स्थिर करायची सोय नाही. एफ ४ त्या सेन्सरवर फुल फ्रेमच्या साधारण एफ ३.२ सारखा, म्हणजे अंधारात परत आपण एक्स१००-सिक्सच्या शेजारीच येऊन उभे, तिप्पट पैसे देऊन. सकाळी सातनंतर उजेडात, डोंगरावर, किल्ल्यावर, समुद्रावर जाणाऱ्या माणसाला मी तो आनंदाने सुचवीन.

आता करायचं काय ते. कॅमेरा आला की हंगामाची वाट न बघता रोज घरात वापरा, स्वयंपाकघरात, रात्रीच्या ट्यूबलाइटखाली, तेच तुमचं शेडचं शिक्षण. शटर मेकॅनिकलच ठेवा, इलेक्ट्रॉनिकवर एलईडी बल्बचे पट्टे येतात. बाजारात दुपारी एफ ५.६, फोकस हाताने अडीच मीटरवर लावून ठेवा, साधारण पावणेदोनपासून पाच मीटरपर्यंत काही बघायची गरज नाही, भाजीवालीशी बोलता बोलता काढा. अप्पांना सवय व्हायला हवी की हिच्या हातात हे असतंच, पहिल्या आठवड्यात ते ताठ बसतील, टोपी नीट करतील, तेही काढा, पण थांबू नका.

गुऱ्हाळावर पहाटे गाडीचा एसी लावून जाऊ नका. थंड काचेवर वाफ बसते आणि पंधरा मिनिटं काही दिसत नाही, तोवर पहिली काहील अर्धी झालेली असते. कॅमेरा बंद पिशवीत ठेवून आधी चुलवाणापासून लांब, शेडच्या हवेत राहू द्या, मग काढा. सुती रुमाल दोन, एक हाताला आणि एक काचेला, अदलाबदल होऊ देऊ नका, काकवी लागलेला रुमाल काचेवर फिरला की काम संपलं. एफ २, १/१२५, आयएसओ ऑटो, वरची मर्यादा ६४००. दाण्यांना घाबरू नका, कागदावर ते दिसत नाहीत.

उभं कुठे राहायचं हेही सांगतो. दाराकडे पाठ करून नाही, दार तुमच्या एका बाजूला येईल असं, म्हणजे वाफेवर उजेड बाजूने पडतो आणि ती दिसते, तुमच्या पाठीमागून पडला तर वाफ सपाट पांढरी होते. अप्पा गोळी बघायला वाकतात ती जागा तुम्हाला माहितीच असेल, लहानपणापासून बघताय. त्या जागेपासून दीड मीटरवर आधी जाऊन उभ्या राहा.

आणि भाड्याचा मीडियम फॉरमॅट पुण्या-मुंबईहून मागवायचा तो हंगामाच्या मध्यावर मागवा, सुरुवातीला नको, सुरुवातीला सगळे गडबडीत असतात. पहिला दिवस नुसता हातात धरून ओळख करून घ्यायचा, दुसऱ्या दिवशी ट्रायपॉड लावून रिकामी शेड, काहील, गूळ ओतायचे वाफे, चिपाडं, कुणी माणूस नको. तिसऱ्या दिवशी शेवटची काहील उतरली की अप्पांना दाराशेजारी बाकावर बसवा, आयएसओ १००, एफ ८, आणि त्यांना दहा मिनिटं त्यांच्याच पहिल्या हंगामाबद्दल विचारा, कुठल्या साली सुरू केलं, गुळव्या कोण होता, दर काय मिळाला. बोलू द्या. बोलणं थांबून ते दाराबाहेर उसाच्या फडाकडे बघायला लागतील तेव्हा बटण दाबा.